पुढची पाटी

मलिहाबादचा दशहरी आंबा उतरायला लागला की लखनौत मानक नगरच्या आमच्या कॉलनीतली सगळी घरं एकाच वासाची होतात. बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत असतो, खिडक्यांना ओले पडदे असतात, कूलर घरघरत असतात आणि त्या अंधाऱ्या गारव्यात कुठल्यातरी पलंगाखाली आंब्याची पेटी पिकत असते. पातळ फळ्यांची, चार खिळ्यांवर कशीबशी उभी राहिलेली पेटी. आत गवत आणि गवतात हिरवट-पिवळी, लांबोडकी फळं. माझी बायको मेधा सांगलीची, पण इतक्या वर्षांत तिला दशहरीची नाडी कळायला लागली आहे. रोज सकाळी ती पेटीत हात घालते, एकेक आंबा देठापाशी दाबून बघते, झालेले बाजूला काढते. मी त्या खोलीत जात नाही. कापून आणलेला आंबा आवडीने खातो, पण पेटीपाशी जात नाही. नऊ वर्षं झाली याला. फळ्यांच्या आणि गवताच्या त्या वासात मला आणखी एक वास येतो, भिजलेल्या कागदाचा आणि मातीचा. तो घरात दुसऱ्या कोणाला येत नाही.

या आठवड्यात मंडळातून फोन आला. लखनौमधल्या मराठी माणसांचं आमचं छोटंसं मंडळ आहे. कोणी रेल्वेतले, कोणी प्रयोगशाळांमधले शास्त्रज्ञ, कोणी हवाईदलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. नवे सचिव तरुण आहेत. म्हणाले, टॅब्लेट या विषयावर तुम्ही पूर्वी एक भाषण केलं होतं, जुने लोक अजून आठवण काढतात. आता पुढच्या दहा वर्षांत काय येईल यावर पुन्हा एकदा बोला. मी सांगितलं की त्या तारखेला मी लखनौमध्ये नसेन. खरं तर मी कुठेही जाणार नव्हतो.

ते भाषण दोन हजार दहाच्या जूनमधलं. परदेशात तेव्हा नुकतीच एक काचेची पाटी निघाली होती, तोच टॅब्लेट. बटणं नाहीत, तारा नाहीत, बोट फिरवलं की पान उलटतं. लखनौमध्ये ती कोणी पाहिलेली नव्हती. मीही नाही. हज़रतगंजमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात परदेशी मासिकं येत, ती मी उभ्या उभ्या वाचून काढत असे. दुकानदार सज्जन होता, काही म्हणत नसे. त्या मासिकांतली चित्रं पाहून माझं डोकं फिरून गेलं होतं. या पाटीनंतर कुठली येईल आणि तिच्यानंतर कुठली, हाच विचार स्कूटरवर, जेवताना, ऑफिसात.

आणि ऑफिसात माझं काम काय, तर तपासणी. आमच्या रेल्वेच्या संस्थेत डब्याखालची एक साधी स्प्रिंग पास करायची तरी ती हजारो वेळा दाबून बघतात. मोडेपर्यंत दाबतात. मोडल्यावर कुठून मोडली ते भिंगाखाली बघतात. कागदावर सही करण्याआधी मी चार वेळा आकडे तपासणारा माणूस. पण मंडळाच्या हॉलमध्ये त्या रविवारी मी जे बोललो त्यातलं काहीही मी तपासलेलं नव्हतं.

म्हणालो, ही पाटी म्हणजे फक्त सुरुवात आहे. पुढची पाटी वर्तमानपत्रासारखी घडी घालून खिशात ठेवता येईल. तिच्यानंतरची उन्हावर चालेल. पाच वर्षांत छापलेलं पुस्तक ही वस्तू फक्त संग्रहालयात दिसेल, कारण जगातलं प्रत्येक पुस्तक, मराठीतलंसुद्धा, या पाटीत असेल. मध्येच लाइट गेली. पंखे थांबले, घामाच्या धारा लागल्या, पण कोणी उठलं नाही. लोक हातातल्या पत्रिकांनी वारा घेत ऐकत होते. मी इतकं चांगलं त्याआधी कधी बोललो नव्हतो.

पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर ढवळेबाई बसल्या होत्या. मंडळाचं ग्रंथालय त्यांच्याकडे होतं. ग्रंथालय म्हणजे मागच्या खोलीतली तीन लोखंडी कपाटं. दर रविवारी दहा ते बारा त्या तिथे वही घेऊन बसत. यजमान हवाईदलात होते, नोकरीत असतानाच गेले. तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, बाईंचा रविवार चुकला नव्हता. पुस्तकावर कोणी पेनाने खूण केलेली सापडली तर त्या भर सभेत बोलत. अलीकडे मात्र त्यांचे डोळे गेले होते. पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध एक डाग बसला होता, त्याच्या कडेकडेने दिसायचं. म्हणून माणसाकडे बघताना त्या चिमणीसारखी मान कलती करून बघायच्या.

भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, पाटीत अक्षर मोठं करता येतं का. मी म्हटलं, येतं. किती मोठं? मी सांगितलं, तळहाताएवढं करा. मग त्यांनी विचारलं, ती वाचून दाखवेल का, मराठीतून.

"ही नाही," मी म्हटलं, "पण पुढची वाचेल."

ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. मागची खोली मुलांच्या कॉम्प्युटर क्लाससाठी हवी होती आणि कपाटांचं काय करायचं हा प्रश्न वर्षभर पडून होता. माझ्या भाषणाने तो सुटला. अध्यक्ष म्हणाले, पुस्तकं पाटीतच येणार असतील तर जागा कशाला अडवायची. मी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की माझ्या घरी स्कॅनर आहे, सगळी पुस्तकं मी स्कॅन करतो. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सबनीस म्हणतायत तर होईल."

माझ्यावर इतका विश्वास आजवर कोणी टाकलेला नाही. वडिलांनीही नाही.

कपाटं रिकामी केली त्या दिवशी उन्हाने डांबर मऊ झालं होतं. खोकी मिळेनात, तेव्हा मी आंब्याच्या पेट्या आणल्या. हंगामच होता, कॉलनीत प्रत्येकाच्या गॅलरीत दोन-चार रिकाम्या पेट्या पडलेल्या. काहींत गवत तसंच होतं. मी म्हटलं, बरंच आहे, पुस्तकांना धक्का लागणार नाही. बाई जमिनीवर बसून एकेक पुस्तक हातात घेत, पाठीवरून अंगठा फिरवत आणि माझ्याकडे देत. डोळ्यांनी नाव वाचता येत नव्हतं, पण अंगठ्याने त्यांना प्रत्येक पुस्तक ओळखू येत होतं. अकरा पुस्तकं त्यांनी वेगळी काढली. परकराच्या जुन्या नाडीने त्यांचा गठ्ठा बांधला आणि म्हणाल्या, "ही आधी करा."

का, ते मी विचारलं नाही. त्यांची आवडती असतील असं धरून चाललो.

त्या अकरा पुस्तकांचे दिवस मला फार स्पष्ट आठवतात. सकाळी ऑफिसला जाण्याआधी एक तास, संध्याकाळी आल्यावर दोन. पुस्तक काचेवर उपडं ठेवायचं, झाकण दाबायचं, हिरवट उजेडाची पट्टी सरकत जाते ती बघायची, पान उलटायचं. लाइट जायची, यायची. शेजारच्या खोलीत पेटी पिकत असायची. माझ्या कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी, म्हणून मी स्कॅनरला सांगून ठेवलं होतं की रंग नको, करडा नको, प्रत्येक ठिपका एकतर काळा धर नाहीतर पांढरा. त्याने फाइल लहान होते आणि पानही स्वच्छ दिसतं. जुन्या कागदाचा पिवळेपणा जातो, डाग जातात. काही पानांच्या कडेला शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. फिकट, बारीक. वाचकांना अशी सवय असते. पडद्यावर पान आलं की ती खरड नाहीशी झालेली असे. मला यंत्राचं कौतुक वाटलं. एक-दोन पानांवर पुसटशी रेघ राहिली होती, तर मी काळं-पांढरं ठरवणारा आकडा थोडा सरकवला आणि तीही घालवली.

म्हणजे ती अक्षरं शेवटची पाहिली ती मी. माझ्या डोळ्यांखालून गेली. नऊ वर्षं मी ती आठवायचा प्रयत्न करतोय. उभी होती की तिरकी, एक ओळ होती की दोन. काही आठवत नाही. न वाचलेली गोष्ट आठवायची कशी?

अकरावं पुस्तक झालं आणि मला दौऱ्यावर जावं लागलं. नव्या डब्यांच्या चाचण्या होत्या, गाडी वेगवेगळ्या वेगांनी पळवून डबा किती हलतो ते मोजायचं. दोन महिने. गठ्ठा मी परत पेटीत ठेवला, पेट्या मागच्या व्हरांड्यात एकावर एक रचल्या, वर प्लॅस्टिक टाकलं. तेवढ्यात पावसाळा झाला.

परत आलो तेव्हा पेट्या होत्या तशाच दिसत होत्या. वरची पेटी उचलली आणि हात एकदम वर गेला. तिला वजनच नव्हतं. फळ्यांतून, गवतातून वाळवी वर चढली होती. इथले लोक दीमक म्हणतात. पुस्तकांची पाठ शाबूत, नाव वाचता येतंय, आणि उघडावं तर आत मातीचे बोगदे आणि जाळीसारखे कागद. मी सगळ्या पेट्या उघडल्या. एकही वाचली नव्हती. नाडीने बांधलेल्या गठ्ठ्यातली फक्त नाडी राहिली होती. माळ्याने ते सगळं बागेच्या कोपऱ्यात नेऊन पेटवलं. पण ते नीट जळेना. सबंध दिवस धुमसत राहिलं आणि धूर आमच्याच घरात येत राहिला.

मंडळात मी ओझरतं सांगितलं. कोणाला फारसं काही वाटलं नाही. कॉम्प्युटर क्लास जोरात चालला होता. ग्रंथालय बंद झाल्यापासून बाई मंडळात येत नव्हत्या, त्यांना मात्र सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, तुमची अकरा झाली. ते खोटं नव्हतं.

दोन वर्षांनी माझ्या हातात पहिल्यांदा पाटी आली. हज़रतगंजमधूनच घेतली आणि त्याच दुपारी आलमबागला बाईंच्या घरी गेलो. त्यांची मुलगी गौरी शाळेत शिकवते, तिच्याबरोबर त्या राहत होत्या. गौरीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. दार उघडून म्हणाली, "आइए अंकल, माँ सुबह से तैयार बैठी हैं।"

बाईंनी चांगलं पातळ नेसलं होतं. पाटी हातात घेऊन त्यांनी आधी तिची कड चाचपली. मी एक मराठी बातम्यांचं पान उघडलं आणि अक्षरं तळहाताएवढी केली. त्यांनी मान कलती केली, बराच वेळ बघितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या, "या खिडक्या कसल्या?"

पाटीला देवनागरी येत नव्हतं. प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामी चौकट होती. मी घाईघाईने ते बंद केलं आणि स्कॅन केलेली पुस्तकं काढली. ती चित्रं होती, त्यामुळे दिसली. बाईंनी एका पुस्तकाचं नाव सांगितलं. हिमालयातल्या प्रवासाचं, फारसं कोणी न वाचलेलं पुस्तक. पान क्रमांकही सांगितला, न अडखळता. मी पान काढलं, मोठं केलं. त्यांनी डाव्या कडेवर बोट ठेवलं.

"इथे बघा. काय दिसतं?"

तिथे पांढरं होतं. नुसतं स्वच्छ पांढरं.

मग त्यांनी सांगितलं. एकाच दमात, अगदी साध्या आवाजात. यजमान रजेवर यायचे तेव्हा मंडळातून पुस्तकं आणायचे. रजा संपत आली की ती वाचून संपवायचे आणि जाताना बाईंसाठी ठेवून जायचे. बोलायचे अगदी कमी. जे काही सांगायचं ते पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहायचे, म्हणजे बाई त्या पानावर पोचतील तेव्हा त्यांना ते सापडेल. लिहू नये असा नियम होता, म्हणून अगदी हलक्या हाताने. अकरा पुस्तकं. हे शेवटचं. हे वाचायला घेतलं तेव्हा ते गेल्याची तार येऊन पंधरा दिवस झाले होते. पुस्तक परत करायला त्या मंडळात गेल्या, तर ग्रंथालय बघणारं कोणी नव्हतं. मी बघते, असं त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पाटी अजून कच्ची आहे, शिसपेन्सिल धरत नाही ती. पण लिहिलेलं काय होतं ते तुम्हाला आठवत असेल.

"मजकूर पाठ आहे हो," त्या म्हणाल्या. "मला अक्षर बघायचंय."

मग त्यांनी मूळ पुस्तक आणून द्यायला सांगितलं. भिंग लावून, उन्हात धरून बघीन म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं की पुस्तकं नीट बांधून ठेवली आहेत, आता उघडली तर पानं तुटतील. आणि पाठोपाठ दुसरं वाक्य निघालं. इतकं सहज, की ते बोलायलाच मी तिथे गेलो होतो असं वाटावं.

"पुढची पाटी दाखवेल."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खुर्चीत बसवेना.

त्यानंतर दर वर्षी दशहरीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे जात राहिलो. का जात होतो, ते सांगता येत नाही. गुन्हेगार त्याच जागी परत जातो म्हणतात, तसं असेल. त्या विचारायच्या, नवीन काय निघालं. मी सांगायचो. काच पातळ झाली. आता देवनागरी दिसतं. आता बोललेलं कळतं, पण हिंदी, मराठी नाही. दर वर्षी सांगून झालं की मी पुढच्या वर्षाचं सांगायचो, आणि त्यात दर वर्षी थोडी भर घालायचो. माझं ते हॉलमधलं भाषण कधी संपलंच नाही. एका माणसासाठी चालू राहिलं.

पुढे पुढे बाईच बोलायला लागल्या. नजर जवळजवळ गेली होती, डागाने सगळं व्यापलं होतं, पण कल्पना माझ्यापेक्षा चांगल्या सुचायच्या. एकदा म्हणाल्या, पुढच्या पाटीला वास असावा, प्रत्येक पुस्तकाचा वेगळा. एकदा म्हणाल्या, पेन्सिलीने लिहिलं की कागदावर बारीक खाच उमटते, ती बोटाला लागते. तशी खाच ज्या पाटीवर लागेल ती खरी. आणि एका दुपारी, गौरी सरबत आणायला आत गेली असताना, त्यांनी हळूच विचारलं, आधी कोणाचा हात लागून गेलाय ते ओळखणारी पाटी निघेल का. मी म्हटलं, निघेल. इतकं म्हणायला काय जातं?

त्या घरावरून मेट्रोचे खांब उभे राहिले. रस्ता खणला गेला, धुळीने त्यांची तुळस पांढरी झाली, मग एक दिवस डोक्यावरून गाडी धावायला लागली. गौरी मला सोडायला दारापर्यंत आली की म्हणायची, "आप आते हैं तो माँ हफ़्ता भर ख़ुश रहती हैं।" मी मान हलवायचो. घरी येऊन मेधाला सांगायचो की या वर्षी सांगून टाकणार होतो. ती म्हणायची, पुढच्या वर्षी सांगा.

गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र माझ्याकडे खरोखरच सांगण्यासारखं होतं. नवी पाटी छापलेलं चित्र बघून त्यातली अक्षरं ओळखत होती आणि मराठीतून वाचून दाखवत होती. बायकी आवाज होता, जरा नाकातला, ळ ला ल म्हणणारा. पण मराठी. मी अकराही पुस्तकं तिच्यात घातली आणि सकाळी सकाळी आलमबागला गेलो. ऊन चढायचं होतं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर हात. फार वाळल्या होत्या. मी पाटी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी सांगितलं तेच लावलं, हिमालयातलं.

पाटी वाचू लागली. लेखक कंटाळवाणा होता. इतके वाजता निघालो, इतक्या वाजता पोचलो, धर्मशाळेत उतरलो. पाटी कुठे एखादं अक्षर चुकायची, कुठे दोन ओळी एकात मिसळायची. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. गौरी शाळेच्या वह्या तपासत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. अर्धा तास गेला असेल.

"इथून पुढे रस्ता चहाचा आहे," पाटी म्हणाली. "वाटेत पाणी मिळत नाही."

पान माझ्यासमोर होतं. छापलेलं होतं, चढाचा. ढ ची शाई जुनी होती, पाटीने ह वाचला होता.

बाई हसल्या. आधी नुसता श्वास सुटल्यासारखं, मग खांदे हलायला लागले, मग त्या मोठ्याने, तोंडावर हात न घेता हसत राहिल्या. गौरीने वहीतून मान वर केली. मी इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं, पुन्हा "चहाचा रस्ता" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग हळूहळू थांबल्या. हात पाटीवर तसाच राहिला.

"सबनीस," त्या म्हणाल्या, "हे कुठलं पान?"

मी पानाचा आकडा सांगितला आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला. ते तेच पान होतं.

"याच ओळीपाशी लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "इथे तू हसशील."

वरून मेट्रो गेली, तिची थरथर पाटीवर ठेवलेल्या त्यांच्या बोटांत दिसली.

त्या सांगत होत्या, माझ्याकडे नाही, खिडकीकडे तोंड करून. तार आल्यानंतर त्यांनी ते वाचलं, तेव्हा हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. चढाचा रस्ता आणि पाणी नाही. शंभर वेळा वाचलं असेल. यांना इथे काय गंमत दिसली, ते कधी कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या पानासाठी लिहायचं असेल आणि इथे लिहिलं गेलं, असंही त्यांना वाटून गेलं होतं. विचारणार कोणाला?

मग त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली आणि डाव्या कडेवर बोट ठेवलं. काहीच दिसत नव्हतं त्यांना, तरी बोट बरोबर त्या जागी पडलं.

"आता दिसतं का?"

मी म्हटलं, नाही. म्हटलं, दिसणार नाही, बाई. या पाटीत नाही आणि पुढच्याही नाही. मी स्कॅन करतानाच ते पुसलं गेलं, मीच पुसलं, खरड समजून. आणि पुस्तकंही नाहीत. त्याच पावसाळ्यात वाळवीने खाल्ली, सगळी. मी तुम्हाला सहा वर्षं खोटं सांगत आलोय. हे सगळं मी गौरीसमोर बोललो. तिने लाल पेन खाली ठेवलं.

बाईंनी मान माझ्याकडे वळवली नाही. मी उठावं की बसावं ते मला कळेना.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. अंगठा पाटीच्या कडेवरून, पुस्तकाच्या पाठीवरून फिरवावा तसा, वरपासून खालपर्यंत नेला. तिथे ओळखण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाल्या, "ती चूक झालीय ना, चहाची. ती दुरुस्त करू नका."

नाही करत, मी म्हटलं.

"आणि ही इथेच राहू द्या."

पाटी त्यांच्याकडे ठेवून मी निघालो. गौरी दारापर्यंत आली, पण काही बोलली नाही. त्यानंतर मी गेलो नाही.

थंडीत बाई गेल्या. गौरीचा फोन आला. मी गेलो तेव्हा तिने पाटी माझ्या हातात ठेवली. बॅटरी फुगून काच उचलली गेली होती, ती पुन्हा सुरू झाली नाही. गौरी म्हणाली, शेवटी शेवटी माँ एकच पान ऐकायची, चाय वाला पन्ना. रोज हसायची असं नाही. कधी हसायची, कधी नुसती ऐकायची. मी विचारलं, बाकीच्या दहा पुस्तकांत काय लिहिलं होतं, त्या कधी बोलल्या का. गौरीने जरा विचार केला. "नहीं अंकल। हमने कभी पूछा ही नहीं।"

ती दहा पुस्तकं माझ्याकडे आहेत, पांढरी स्वच्छ. अधूनमधून मी एखादं काढून वाचतो. अगदी साध्या वाक्यापाशी थांबतो. इथे असेल का? की इथे? काय म्हणाला असेल तो माणूस, हलक्या हाताने, जाण्याच्या गडबडीत? कडेला बोट फिरवून बघतो. काच गुळगुळीत असते.

या जूनमध्ये मी नवी पाटी घेतली. हिची नजर फार तीक्ष्ण आहे, ळ लाही ळ म्हणते. परवा दुपारी मेधा आतल्या खोलीत आंबे बघत होती, तेव्हा मी हिला हिमालयातलं ते पान दिलं. तिने एकही चूक न करता वाचलं. इथून पुढे रस्ता चढाचा आहे. वाटेत पाणी मिळत नाही.

मी तिथेच बटण दाबून तिला थांबवलं आणि थोडा वेळ वाट पाहिली. खोलीत कोणी हसलं नाही.